वादग्रस्त विषयांच्या अभ्यासासाठी ग्रंथालयीन डेटाबेसचा वापर

ग्रंथालयीन डेटाबेस (विदागार) म्हणजे नियतकालिकांतील लेख, शासकीय व संस्थात्मक अहवाल, ग्रंथांतील प्रकरणे आणि वृत्तपत्रीय मजकूर यांचा वर्गीकृत व शोध घेता येण्याजोगा संग्रह होय. ग्रंथालये तो वर्गणी भरून अथवा विनामूल्य वाचकांना उपलब्ध करून देतात. मृत्युदंड, लसीकरण, स्थलांतर, जनुकीय बदल केलेली पिके अशा तीव्र मतभेदाच्या विषयांवर महाविद्यालयीन शोधनिबंध लिहिताना या डेटाबेसचा विशेष उपयोग होतो. सर्वसाधारण शोधयंत्रावर लोकप्रिय मजकूर आधी दिसतो. डेटाबेसमध्ये मात्र लेखक, नियतकालिक, प्रकाशनवर्ष, विषयशीर्षके आणि तज्ज्ञपरीक्षण यांची नोंद असल्याने कोणते मत कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे मांडले, हे तपासता येते. अमेरिकेतील महाविद्यालयांत हे कौशल्य माहिती साक्षरतेचा भाग म्हणून शिकवले जाते.

इतिहास

नियतकालिकांतील लेखांच्या सूचीचा उगमच विद्यार्थ्यांच्या वादविवादाशी जोडलेला आहे. अमेरिकेतील येल महाविद्यालयात 'ब्रदर्स इन युनिटी' नावाचे विद्यार्थ्यांचे वाङ्मयीन व वादविवाद मंडळ होते. त्याच्या ग्रंथालयात काम करणारा विल्यम फ्रेडरिक पूल हा विद्यार्थी होता. निबंध व वादविवाद यांसाठी संदर्भ मागणाऱ्या सहाध्यायांची अडचण पाहून त्याने नियतकालिकांतील लेखांची विषयवार सूची तयार केली. ती इ.स. १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १८८२ मध्ये तिची विस्तृत आवृत्ती निघाली व ती 'पूल्स इंडेक्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०१ मध्ये एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीने 'रीडर्स गाइड टू पिरिऑडिकल लिटरेचर' ही सूची सुरू केली.

१९२३ मध्ये अमेरिकेत 'एडिटोरियल रिसर्च रिपोर्ट्स' ही सेवा सुरू झाली. वृत्तपत्रांच्या संपादकांना चालू वादाच्या विषयांची पार्श्वभूमी पुरवणे हा तिचा उद्देश होता. १९९१ मध्ये तिचे नाव 'सीक्यू रिसर्चर' असे झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सूच्या संगणकावर आल्या. शिक्षणविषयक साहित्याचा 'एरिक' हा डेटाबेस १९६६ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा 'मेडलाइन' १९७१ मध्ये, तर 'डायलॉग' ही व्यावसायिक शोधसेवा १९७२ मध्ये कार्यान्वित झाली. १९९५ मध्ये 'जेस्टोर' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचे जुने अंक स्कॅन करून उपलब्ध करणे हे तिचे मूळ कार्य होते.

डेटाबेसचे प्रकार

वादग्रस्त विषयांच्या दृष्टीने डेटाबेसचे स्थूलमानाने चार प्रकार मानता येतात.

वादविषयक डेटाबेस: यांत एकेका वादाच्या दोन्ही अथवा अनेक बाजू मुद्दाम एकत्र मांडलेल्या असतात. 'सीक्यू रिसर्चर'च्या अहवालात विषयाची ओळख, इतिहास, घटनाक्रम, सद्यःस्थिती, बाजूचे व विरोधी मत आणि पुढील वाचनाची सूची असते. 'गेल' कंपनीचा 'अपोझिंग व्ह्यूपॉइंट्स' हा डेटाबेस ग्रीनहेवन प्रेसच्या त्याच नावाच्या पुस्तकमालेवरून पुढे आला. 'एब्स्को'चा 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू रेफरन्स सेंटर' हाही याच वर्गातला आहे.

बहुविषयक डेटाबेस: 'अ‍ॅकॅडमिक सर्च', 'प्रोक्वेस्ट सेंट्रल' आणि 'जेस्टोर' यांत अनेक ज्ञानशाखांतील लेख असतात.

विशिष्ट विषयाचे डेटाबेस: वैद्यकासाठी 'पबमेड', शिक्षणशास्त्रासाठी 'एरिक', मानसशास्त्रासाठी 'सायकइन्फो' ही याची उदाहरणे होत.

वृत्तपत्रीय डेटाबेस: एखाद्या वादाचे सार्वजनिक रूप काळानुसार कसे बदलले, हे जुन्या बातम्या व अग्रलेख यांवरून कळते.

नवख्या विद्यार्थ्याने वादविषयक डेटाबेसपासून आरंभ करावा, असे ग्रंथपाल सामान्यतः सुचवतात. तेथे वादाचा नकाशा मिळतो. निबंधाचा मुख्य आधार मात्र मूळ संशोधनलेखांवर असावा लागतो, आणि त्यासाठी अन्य प्रकारांकडे वळावे लागते.

प्रश्नाची निश्चिती

शोध सुरू करण्यापूर्वी विषयाचे रूपांतर प्रश्नात करणे आवश्यक असते. 'मृत्युदंड' हा विषय आहे. 'मृत्युदंडामुळे खुनाच्या प्रमाणात घट होते काय?' हा प्रश्न आहे. वादग्रस्त विषयात सहसा निरनिराळ्या जातींचे प्रश्न मिसळलेले असतात. मृत्युदंडाचा धाक बसतो की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. राज्यसंस्थेने कोणाचाही प्राण घ्यावा काय, हा मूल्याचा प्रश्न आहे. तो रद्द करावा काय, हा धोरणाचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नासाठी अर्थशास्त्र व गुन्हेशास्त्रातील लेख, दुसऱ्यासाठी तत्त्वज्ञानातील लेखन आणि तिसऱ्यासाठी न्यायनिर्णय व आयोगांचे अहवाल पाहावे लागतात. प्रश्नाची जात ठरली नाही, तर मूल्याविषयीच्या मताला आकडेवारीने खोडण्याचा अथवा आकडेवारीला भावनेने उत्तर देण्याचा दोष निबंधात येतो.

शोधाची पद्धत

डेटाबेसमध्ये पूर्ण वाक्य लिहिण्याऐवजी प्रश्नातील मुख्य संकल्पना वेगळ्या करून त्यांचे समानार्थी शब्द जोडले जातात. या जोडणीसाठी इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल (१८१५–१८६४) यांच्या तर्कशास्त्रावर आधारलेली तीन पदे वापरली जातात. 'अँड' या पदाने दोन्ही संकल्पना असलेलेच लेख मिळतात व निकाल कमी होतात. 'ऑर' या पदाने समानार्थी शब्दांपैकी कोणताही असलेले लेख मिळतात व निकाल वाढतात. 'नॉट' या पदाने नको असलेला शब्द वगळला जातो. मात्र त्यामुळे उपयुक्त लेखही सुटू शकतात, म्हणून ते जपून वापरावे लागते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातल्यास तो तसाच्या तसा शोधला जातो. शब्दाच्या मुळापुढे तारकाचिन्ह दिल्यास त्याची सर्व रूपे येतात.

मिळालेली यादी प्रकाशनवर्ष, तज्ज्ञपरीक्षण, भाषा आणि लेखाचा प्रकार यांनुसार गाळता येते. उपयुक्त लेख सापडल्यावर त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येते, तर 'हा लेख कोणी उद्धृत केला' या सोयीने पुढे जाता येते. वादग्रस्त विषयात ही दुसरी सोय फार मोलाची आहे. एखाद्या लेखाला पुढील अभ्यासकांनी दिलेली उत्तरे, घेतलेले आक्षेप आणि केलेल्या दुरुस्त्या तिच्यामुळेच हाती लागतात.

शब्दांची निवड आणि विषयशीर्षके

वादग्रस्त विषयात शोधशब्द स्वतःच एक बाजू घेऊन येतो. गर्भपाताच्या वादात दोन्ही पक्ष स्वतःसाठी व प्रतिपक्षासाठी वेगवेगळी नावे वापरतात. एकाच पक्षाची शब्दावली वापरून शोध घेतल्यास त्याच पक्षाचे लेखन अधिक मिळते, आणि शोधणाऱ्याला आपण सर्व साहित्य पाहिले असे वाटते. म्हणून दोन्ही पक्षांचे शब्द 'ऑर'ने जोडून शोध घेणे इष्ट ठरते.

लेखकाने कोणताही शब्द वापरला असला, तरी सूचीकार त्या लेखाला एक प्रमाण विषयशीर्षक देतो. त्यामुळे विषयशीर्षकाद्वारे घेतलेला शोध अधिक नेमका असतो. परंतु ही शीर्षकेही वादातीत नसतात. अमेरिकेतील ग्रंथपाल सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतील पूर्वग्रह दाखवून दिले. अलीकडचे प्रसिद्ध उदाहरण परवान्याविना देशात राहणाऱ्या स्थलांतरितांसाठीच्या शीर्षकाचे आहे. 'इल्लीगल एलियन्स' हे शीर्षक अवमानकारक असल्याची तक्रार डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये ते बदलण्याचे जाहीर केले. पण अमेरिकी काँग्रेसमधील विरोधामुळे तो बदल रखडला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या जागी दोन नवी शीर्षके आणण्याचा निर्णय झाला. ग्रंथालयाच्या सूचीतला एक शब्दही राजकीय वादाचा विषय होऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसते. जुन्या लेखांच्या शोधासाठी जुने शीर्षकही ठाऊक असावे लागते, ही त्याची व्यावहारिक बाजू होय.

स्रोतांचे मूल्यमापन

लेख डेटाबेसमध्ये आहे एवढ्यावरून तो विश्वसनीय ठरत नाही. संशोधनलेखाशेजारीच संपादकीय, वाचकांचे पत्र किंवा मतप्रदर्शनाचा स्तंभही असू शकतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, चिको येथील ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी २००४ मध्ये पाच निकषांची कसोटी मांडली. अद्ययावतपणा, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता आणि हेतू हे ते निकष होत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅग्रू यांनी व्यावसायिक तथ्यतपासनीसांच्या कार्यपद्धतीचा अभ्यास केला. अपरिचित मजकूर समोर आल्यावर हे तपासनीस तो वाचत न बसता, त्याच्या कर्त्याविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते आधी पाहतात. या पद्धतीला पार्श्ववाचन म्हणता येईल.

लेख मागे घेतला गेला आहे काय, हेही तपासणे आवश्यक असते. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित करणारा अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो केवळ १२ बालकांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ६,५७,४६१ बालकांच्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. 'पबमेड'मध्ये मूळ लेखाच्या नोंदीवर तो मागे घेतल्याची सूचना ठळकपणे दिसते. त्याच लेखाची इतरत्र पडलेली प्रत वाचणाऱ्याला ती दिसेलच असे नाही.

या उदाहरणातून खोट्या समतोलाचा प्रश्नही पुढे येतो. दोन्ही बाजू मांडणे म्हणजे दोन्ही बाजूंना समान वजन देणे नव्हे. मॅक्सवेल बॉयकॉफ व ज्यूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांचा अभ्यास करून एक मुद्दा मांडला. हवामानबदलाच्या बातम्यांत दोन्ही बाजूंना सारखी जागा देण्याच्या प्रथेमुळेच शास्त्रज्ञांच्या मताचे चित्र विकृत झाले, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तुस्थितीच्या प्रश्नात पुराव्याचे वजन पाहावे लागते. मूल्याच्या प्रश्नात मात्र विरोधी मत त्याच्या सर्वांत समर्थ मांडणीतून समजून घ्यावे लागते. भारतीय शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे 'पूर्वपक्ष' म्हणून आधी मांडून मगच त्याचे खंडन करण्याची परंपरा आहे. चांगल्या शोधनिबंधाची अपेक्षाही याहून फारशी वेगळी नाही.

उदाहरण: बीटी कापूस

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस २००२ मध्ये मान्यता मिळाली. जालन्याच्या महिको कंपनीचा यात प्रमुख सहभाग होता. 'बीटी कापसाचा भारतीय शेतकऱ्याला लाभ झाला काय?' हा प्रश्न घेऊन बहुविषयक डेटाबेसमध्ये शोध घेतल्यास परस्परविरोधी निष्कर्ष समोर येतात.

मतीन कैम व डेव्हिड झिल्बरमन यांच्या 'सायन्स'मधील २००३ च्या लेखात, महाराष्ट्रासह तीन राज्यांतील २००१ च्या चाचण्यांच्या आधारे, उत्पादनात सुमारे ८० टक्के वाढ नोंदवलेली होती. हा लेख कोणी उद्धृत केला याचा मागोवा घेतल्यास त्यावरील आक्षेपही हाती लागतात. चाचणीच्या शेतांतील आकडे सर्वसाधारण शेतकऱ्याला लागू पडत नाहीत, हा त्यांतला प्रमुख आक्षेप होय. योनास काटहागे व कैम यांच्या २०१२ च्या लेखात २००२ ते २००८ या काळातील प्रत्यक्ष शेतकऱ्यांची पाहणी आहे. तेथे उत्पादनवाढ एकरी २४ टक्के व नफ्यातील वाढ ५० टक्के आढळली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये दीर्घकालीन आकडेवारी तपासली. उत्पादनवाढीचे श्रेय बहुतांशी खतांच्या वाढत्या वापरासारख्या अन्य कारणांना जाते, तसेच गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याने कीटकनाशकांवरील खर्च पुन्हा वाढला, असे त्यांचे म्हणणे होते.

हे लेख शेजारी ठेवल्यास मतभेदाचे स्वरूप स्पष्ट होते. अभ्यासाचा काळ, माहितीचा स्रोत आणि तुलनेचा पाया हे तिन्ही वेगळे आहेत. त्यामुळे 'कोण खरे बोलतो' यापेक्षा 'कोणता निष्कर्ष कोणत्या काळाला व परिस्थितीला लागू आहे' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा संबंध बीटी बियाण्याशी जोडणारे लेखनही विपुल आहे. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या २००८ च्या चर्चापत्रात मात्र, बीटी कापूस हे आत्महत्यांचे आवश्यक अथवा पुरेसे कारण नसल्याचा निष्कर्ष आहे. त्याच पत्रात काही भागांत, काही वर्षी या बियाण्याने शेतकऱ्यांची निराशा केली असावी हेही नमूद आहे. अशा लेखातील केवळ सोयीचे वाक्य उचलणे हा वादग्रस्त विषयांवरील निबंधांत नेहमी आढळणारा दोष आहे. गोषवारा वाचून न थांबता संपूर्ण लेख वाचणे हाच त्यावरचा उपाय होय.

टीका आणि मर्यादा

डेटाबेसची वर्गणी महाग असते. संस्थेतून बाहेर पडताच विद्यार्थ्याचा प्रवेश बहुधा बंद होतो. संशोधन सर्वांना खुले असावे या मागणीतून मुक्त प्रवेशाची चळवळ उभी राहिली. 'जेस्टोर'मधील लेख मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत २०११ मध्ये आरन स्वार्ट्झ यांच्यावर खटला भरण्यात आला. खटला प्रलंबित असतानाच जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. या घटनेने ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न जगभर चर्चेत आला.

वादविषयक डेटाबेसमधील 'बाजूने' व 'विरोधी' अशा मांडणीमुळे प्रत्येक वादाला दोनच बाजू असतात असा समज होण्याचा धोका असतो. याशिवाय 'जेस्टोर'वरील अनेक नियतकालिकांचे अलीकडचे अंक काही वर्षे उशिराने उपलब्ध होतात. त्यामुळे चालू वादासाठी तेवढ्यावर विसंबता येत नाही.

संभाषणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे डेटाबेसला नवे महत्त्व आले आहे. ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ देतात. न्यूयॉर्कमधील संघराज्यीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये असे काल्पनिक न्यायनिर्णय सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. दिलेला लेख खरोखर आहे काय आणि त्यात तेच म्हटले आहे काय, हे पडताळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे डेटाबेसमध्ये मूळ लेख शोधून वाचणे.

भारतातील आणि मराठीतील स्थिती

भारतात गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेतून महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ मिळतात. याच केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध सर्वांना विनामूल्य वाचता येतात. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देणे हा तिचा उद्देश असून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकाचे जुने अंक 'जेस्टोर'वर आहेत. जात, आरक्षण, शेती व धरणे यांसारख्या भारतीय वादविषयांसाठी ते महत्त्वाचे साधन आहे.

या डेटाबेसमधील बहुतांश साहित्य इंग्रजीत असल्याने मराठीतून झालेले वाद त्यांत पुरते उमटत नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे उदाहरण घेता येईल. या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर्षे केले. त्यावरील इंग्रजी लेखन डेटाबेसमध्ये विपुल मिळते. पण 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी केलेला विरोध आणि 'सुधारक'मधून गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले समर्थन मूळ शब्दांत वाचल्याशिवाय त्या वादाचे महाराष्ट्रातील स्वरूप कळत नाही. अशा शोधासाठी जुन्या ग्रंथसंग्रहालयांतील अंक, शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' यांसारखी सूचीकार्ये आणि पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश यांचा आधार घ्यावा लागतो. इंग्रजी डेटाबेसमध्ये एखादे मत सापडले नाही, म्हणजे ते मत कोणी मांडलेच नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हे सुद्धा पहा

माहिती साक्षरता, ग्रंथालयशास्त्र, मुक्त प्रवेश, मराठी विश्वकोश